पुतणीच्या गाईडबाई

आमच्या गावात पीएच.डी. करणारी पहिली मुलगी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची लेक. त्यामुळे तिच्याविषयी गावाला माहिती थोडी आणि चौकशी फार. पारावर, सोसायटीत, डेअरीच्या रांगेत, जिथे जावे तिथे एकच प्रश्न. "पोरगी अजून शिकतीच हाय व्हय?" बी.एस्सी. ॲग्रीची चार वर्षे झाली, एम.एस्सी.ची दोन झाली, आणि वर हे आणखी. आमचे सोसायटीचे चेअरमन तर एकदा म्हणाले, "तेवढ्यात माझ्या म्हशीची तिसरी पिढी दुधाला आली."

त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. दवाखान्याचा डॉक्टर किती वर्षांत होतो ते गावाला पाठ आहे. वकील, मास्तर, तलाठी, सगळ्यांचे हिशेब ठाऊक आहेत. हे पीएच.डी.चे प्रकरण मात्र कुणाच्या हिशेबात बसत नाही. त्यात वर्गात बसून ऐकण्याचा भाग थोडा. एक प्रश्न घ्यायचा, ज्याचे उत्तर कुठल्या पुस्तकात तयार नाही, आणि ते शोधायचे. नियमाने कमीत कमी तीन वर्षे, प्रत्यक्षात बहुधा चार-पाच. सोबत एक माणूस असतो. कागदावर त्याला मार्गदर्शक म्हणतात, बोलण्यात गाईड. विषय ठरवताना गाईड, प्रयोगाची आखणी करताना गाईड, आणि शेवटी त्याची सही झाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही. थोडक्यात, आपल्या लेकराची ऐन उमेदीची वर्षे एका परक्या माणसाच्या हातात असतात. सोयरीक जुळवताना आपण चार गावांत माणसे पाठवून चौकशी करतो. गाईडची चौकशी कोण करतो?

आमच्या घरानेही केली नव्हती. कृषी विद्यापीठाने नेमून दिले ते आम्ही मान्य केले. पण दोन वर्षांपूर्वी असा प्रसंग आला की मला स्वतः उठून जावे लागले.

पुतणीचे काम रब्बी ज्वारीवर आहे. आपली मालदांडी सगळ्यांना ठाऊक. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेले हे वाण, भाकरीला गोड, कडब्याला चांगले, अजून हटलेले नाही. पण कोवळेपणी खोडमाशी लागली की पोंगा सुकतो, पोंगेमर होते. खोडमाशीला दाद न देणाऱ्या दुसऱ्या ज्वारीशी मालदांडीचा संकर करायचा आणि ती ताकद पुढच्या पिढ्यांत कशी उतरते ते पाहायचे, असा तिचा विषय.

आता हा संकर म्हणजे काय कष्ट असतात ते सांगतो. ज्वारीच्या फुलात नर-मादी एकाच घरात नांदतात. एकेका बारक्या फुलात तीन परागकोश. ते उकलायच्या आत, आदल्या दिवशी संध्याकाळी, चिमट्याने हलकेच काढून घ्यायचे. फूल फाटले तर गेले, एखादा कोश आत राहिला तर संकर खोटा ठरला. मग कणसाला कागदी पिशवी बांधायची. सकाळी दुसऱ्या ज्वारीचा पराग आणून त्यावर झटकायचा, पुन्हा पिशवी बांधायची. एका कणसावर चाळीस-पन्नास फुले करायची तर मान मोडून येते. आणि रब्बी ज्वारी निसवते वर्षातून एकदाच. यंदा संकर केला तर पुढल्या रब्बीला पहिली पिढी, त्याच्या पुढल्या रब्बीला दुसरी, आणि खरे मोजमाप या दुसऱ्या पिढीवर. चेअरमनांच्या म्हशीचे गणित इथे लागू पडते.

तर त्या वर्षी तिने शंभरावर कणसे केली, आणि नोव्हेंबरअखेर दोन दिवस अवकाळी झोडपून गेला. पिशव्या भिजून कणसांना चिकटल्या, पराग धुऊन गेला. मोडक्या-तोडक्या कणसांत जे दाणे भरले ते मूठभर. पोरगी घरी आली ती दोन दिवस धड जेवली नाही. त्यातच पुण्याचे एक स्थळ आलेले. मुलगा बँकेत, माणसे बरी, पण त्यांना लग्न त्याच उन्हाळ्यात हवे होते. भाऊ मला म्हणाला, "दादा, तू जाऊन बाईंना भेट. हे आणखी दोन-तीन वर्षं लांबणार असेल तर तिला घेऊनच ये." मी ऐन तारुण्यात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, नंतर जन्मभर शेती केलेला. घरात या विषयातले काही कळत असेल तर मलाच, अशी भावाची समजूत.

डिसेंबरात मी पोरीला घेऊन विद्यापीठात गेलो. गाईड म्हणजे एक पन्नाशीच्या बाई. खोली लहान, खिडकीत बियाण्याच्या पाकिटांच्या चवडी. मला वाटले, आता पोरीला बोलणी बसणार, नाहीतर समजूत काढतील. दोन्ही झाले नाही. बाईंनी तिची वही मागितली. पावसाच्या दिवसांचे पान कोरे होते.

"लिहिलं नाहीस?"

"काय लिहू मॅडम? सगळं गेलं."

"तेच लिही. शाईनं लिही. पाऊस किती वाजता लागला, कुठल्या पिशव्या फाटल्या, कुठल्या टिकल्या, टिकल्या त्या कशा बांधल्या होत्या."

अर्धा तास पोरगी आठवून लिहीत होती. मी चहा पीत बसलो. लिहून झाल्यावर बाईंनी विचारले, "आता काय करायचं?" आणि गप्प बसल्या. पोरगी गप्प, बाई गप्प. मला तर राहवेना. वाटले, अहो, एवढ्या जाणत्या तुम्ही, सांगून टाका ना! बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, जानेवारीत पाण्याखाली पेरते, मार्चअखेर निसवेल, तेव्हा संकर केला तर पुढची रब्बी चुकणार नाही. बाईंनी लगेच फट दाखवली. उन्हाच्या तडाख्यात पराग मरतो, त्याचे काय? मग दोघींचे ते बोलणे सुरू झाले. पेरणी किती लवकर, पाणी कुठल्या विहिरीचे, पराग सकाळी किती वाजेपर्यंत जिवंत राहील. मी त्या खोलीत आहे हे दोघी विसरल्या.

निघताना मी बाईंना बाजूला विचारले, "हे तुम्हाला आधीच सुचलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "सुचलं होतं. पण मी सांगितलं असतं तर पुढच्या वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत बसली असती."

आपण गोऱ्हा शिकवतो तेव्हा त्याला जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतो. पण जुनाच सगळी ओढ घेऊ लागला तर गोऱ्हा खांदा लावतच नाही. हे ज्याला कळते तो शेतकरीही चांगला आणि गाईडही चांगला.

बाईंच्या टेबलावर एक जुने पुस्तक होते, ते पाहून मला माझे कॉलेज आठवले. पंचानन माहेश्वरी यांचे सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचे इंग्रजी पुस्तक, १९५० साली निघालेले. फुलात बी कसे धरते, त्याच्या पोटात काय काय घडते, याचे सगळे ज्ञान त्यात. आमच्या वेळी ते ग्रंथालयात कुलपात असे. या माहेश्वरींची हकीकत आमच्या प्राध्यापकांनी सांगितली होती, ती त्या दिवशी मी एस.टी.त पोरीला सांगितली.

माहेश्वरींचा जन्म १९०४ सालचा, जयपूरचा. शिकायला अलाहाबादेत. तिथल्या यूइंग ख्रिश्चन कॉलेजात विनफील्ड डजन नावाचे अमेरिकन प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवत. इंडियन बोटॅनिकल सोसायटीचे हे पहिले अध्यक्ष. त्यांनी या मुलाला हाताशी धरले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला शिकवले, हिंडवले, घडवले. पुढे शिष्य स्वतः मास्तर झाला तेव्हा त्याने गुरूला विचारले, तुमचे हे ऋण मी फेडू कसे? आपल्या पद्धतीप्रमाणे त्याला गुरुदक्षिणा द्यायची होती. डजनसाहेबांनी उत्तर दिले ते असे सांगतात, की मी तुझ्यासाठी जे केले ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर.

माहेश्वरींनी ते जन्मभर केले. आग्रा, मग १९३९पासून ढाका, मग १९४९पासून दिल्ली विद्यापीठ. जिथे गेले तिथे मुले जमवली, त्यांना सूक्ष्मदर्शकाला बसवले. दिल्लीचा त्यांचा विभाग भ्रूणविज्ञानात जगात नावाजला. १९६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले, आणि पुढच्याच वर्षी, १९६६च्या मे महिन्यात, ते वारले.

पण मला त्यांची मोठेपणाची पदे सांगायची नाहीत. मला सांगायचे आहे ते कागदावरच्या नावांविषयी. शास्त्रज्ञाची जमीन म्हणजे त्याचा शोधनिबंध. सातबाऱ्यावर जसे आपले नाव लागते तसे निबंधावर त्याचे नाव लागते. पुढची नोकरी, पुढचा मान, सगळे त्यावर. माहेश्वरींच्या विभागात कुसुम कांता नावाची एक विद्यार्थिनी होती. परागकण नेहमीच्या वाटेने न जाऊ देता तिने ते सरळ पॉपीच्या फुलाच्या अंडाशयात घातले आणि बी धरवले. हा निबंध १९६० साली लंडनच्या 'नेचर' या साप्ताहिकात आला. जगातले शास्त्रज्ञ ज्या नियतकालिकात आपले नाव यावे म्हणून झुरतात ते हे. त्यावर नाव एकच, कुसुम कांता. दोन वर्षांनी त्याच कामाची पुढची पायरी आली. अफूच्या, म्हणजे आपल्या खसखशीच्या झाडाचे बीजांड काचेच्या नळीत ठेवून तिथेच फलन घडवले होते. त्या निबंधावर तीन नावे. आधी कांता, मग रंगस्वामी, शेवटी माहेश्वरी.

दुसरी गोष्ट १९६४ची. शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी या दोघांनी धोतऱ्याचे परागकोश नळीत वाढवायला ठेवले होते. कोशातल्या पेशी कशा विभागतात ते पाहावे हा मूळ बेत. पण थोड्या आठवड्यांनी कोशातून भ्रूण डोकावू लागले. ते परागकणांपासूनच वाढले होते, हे त्यांनी पुढे सिद्ध केले. बांधावरच्या ज्या धोतऱ्याला आपण उपटून फेकतो, त्याच्या नुसत्या परागापासून रोप! यावर पंचानन माहेश्वरींचे नाव नाही. विभाग त्यांनी उभा केलेला, नळ्यांमध्ये वनस्पतीचे भाग वाढवण्याची वाट त्यांनी पाडलेली, तरी नाही. ज्यांनी केले त्यांची दोन नावे.

यात आपला काय संबंध, असे कुणी विचारील. परागात गुणसूत्रे निम्मी असतात. त्यापासून रोप करून ती गुणसूत्रे दुप्पट केली की एका दमात असे वाण मिळते, जे पुढे फुटत नाही. एरवी संकरानंतर सहा-सात पिढ्या निवडत बसावे लागते. जपानमध्ये १९६८ साली भाताच्या परागकोशापासून रोपे झाली, पुढे चीनने या रीतीने भाताची आणि गव्हाची वाणे काढली. ज्वारी मात्र हट्टी. या कामाला ती सहज वश होत नाही, म्हणून पुतणीला चिमटा आणि पिशव्याच आहेत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळे गाईड असे नसतात. आमच्या पाहुण्यांतला एक मुलगा, कुठला आणि कुठे शिकत होता ते सांगत नाही, तीन वर्षे गाईडच्या घरची भाजी आणि गॅसची टाकी आणत होता. त्याच्या मोजण्या दुसऱ्याच्या निबंधात गेल्या. बोलायची सोय नाही, कारण सही त्यांचीच. शेवटी तो अर्धवट सोडून आला आणि आता खतांचे दुकान चालवतो. दुकान चांगले चालते. पण त्याच्यापुढे शिक्षणाचा विषय काढला की तो उठून आत जातो. आपली मंडळी अशा वेळी पोरालाच म्हणतात, गुरूची सेवा म्हणून कर, आज ना उद्या फळ मिळेल. मला हे पटत नाही. एखाद्या दिवशी गाईडची पिशवी उचलली तर कुणी झिजत नाही. पण तीन वर्षे टाक्या वाहायला लावणे याला सेवा म्हणत नाहीत, बिगार म्हणतात, आणि ती आपल्या आज्यांनी पुरेशी केली आहे. असे दिसले तर आई-बापाने मुलाच्या पाठीशी उभे राहावे. विभागप्रमुखाकडे, विद्यापीठाकडे लेखी अर्ज करता येतो, गाईड बदलून मागता येतो. जिकिरीचे असते, पण होते.

आणि मुलगी असली तर भावाला होती तशी आणखी एक धास्ती. पोरीची जात, उशिरापर्यंत प्रयोगशाळेत, शेतात. यावर मी भावाला कमलाबाई सोहोनींचे उदाहरण दिले. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये गेली, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. नोबेल मिळालेला माणूस! ही दारात सत्याग्रहाला बसली. मग अटी घालून घेतले. पहिले वर्ष परीक्षेचे, काम पसंत पडले तरच मान्यता. तिथे तिला श्रीनिवासय्या हे गुरू भेटले. कडक माणूस. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करून घेत. पण काम करून घेत ते तिचे स्वतःचे, दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवरचे. वर्षभरात रामन यांचेही मत फिरले आणि पुढच्या मुलींना दार उघडले. कमलाबाईंनी पुढे केंब्रिजला १९३९ साली डॉक्टरेट घेतली. तो प्रबंध अवघा चाळीस पानांचा, हे जाडजूड प्रबंध बांधून आणणाऱ्यांनी ऐकून ठेवावे. नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या प्राध्यापक झाल्या तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कामाला लावले ते कशावर? नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ. गोरगरिबांच्या ताटातले अन्न. नीरेच्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. स्वतः दारात बसून प्रवेश मिळवलेली बाई शेवटी त्या संस्थेची संचालक झाली.

भावाने हे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पण तुला त्या बाई कशा वाटल्या?" मी म्हणालो, "वही शाईने लिहायला लावणारी बाई आहे. मला पसंत आहे." रात्री त्याने वहिनीशी काय बोलणे केले ठाऊक नाही. सकाळी पुण्याच्या पाहुण्यांना फोन करून त्याने सांगितले, थांबत असाल तर थांबा, पोरीचे काम अर्धे आहे. ते थांबले नाहीत. वहिनी चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

उन्हाळ्यातला संकर निम्म्याने साधला, तो पुरला. गेल्या रब्बीला पहिली पिढी झाली, यंदा दुसरी उभी आहे. पोंगेमर मोजून झाली, कुठल्या ओळीत किती सुकली याचे आकडे वहीत आहेत. आता प्रबंध लिहायचा. बाईंनी तिच्या हाताखाली एम.एस्सी.चा एक मुलगा दिला आहे, संकर शिकायला. परवा तिचा फोन आला तो सगळा त्याच्या तक्रारीचा.

"तात्या, त्याला चिमटाच धरता येत नाही हो. दहातली सात फुलं फोडतो."

"मग तू करून दे की."

"मॅडमनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. शेजारी बसून नुसती बघते. इतका राग येतो!"